अकरा मॉडेल, बारा खांदे

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या हातापाया पडणार नाही. हे खोटं ठरलं तर सगळ्यात आधी मीच सुटलो म्हणेन. पण त्या रात्री मी एकटा नव्हतो. अकरा मॉडेल होते, लाइटवाला होता. त्यातले चौघे आता माझा फोन उचलत नाहीत.

सहा महिन्यांपूर्वीचा शनिवार. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरातला नाइट क्लब. रात्री साडेदहाचा फॅशन शो, सगळे पुरुष मॉडेल.

माझं काम पडद्यामागचं. अंधारात उभं राहायचं, कानाला हेडफोन, आणि गाण्याच्या ठेक्यावर एकेकाच्या खांद्यावर थाप मारायची. थाप पडली की मॉडेल रॅम्पवर जातो. चेहरे बघायला वेळ नसतो. नुसते खांदे मोजायचे. पंधरा वर्षं हेच करतोय, हाताला सवयच झालीय.

आता आधीचं सांगतो. सांगायची इच्छा नाही, पण सांगतो.

बिंडा माझा मावसभाऊ. मावशी त्याला लाडानं 'माझा राजबिंडा' म्हणायची, आम्ही भावंडांनी त्याचा नुसता बिंडा केला. चिडायचा बिचारा! पण दिसायला खरोखरच तसा होता. इस्त्रीवालासुद्धा शर्ट देताना त्याच्याकडे दोनदा बघायचा. या धंद्यात त्याला मीच आणला.

मावशी म्हणाली होती, "तुझ्या भरवशावर पाठवतेय हो. त्याच्या खाण्यापिण्याकडे लक्ष दे."

खाण्यापिण्याकडे!

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. उघड्या अंगानं चालायचं असलं की आधी पाणी तोडायचं. कातडी आत ओढली जाते, पोटावरचे स्नायू उठून दिसतात. 'सुकवणं' म्हणतात त्याला. करतात बरेच जण, बोलत कुणी नाही.

आदल्या वर्षी याच क्लबमध्ये बिंडाचा पहिला मोठा शो होता. सगळ्यात शेवटी त्याला जायचं होतं. उघड्या अंगानं, अनवाणी. दोन दिवस मी त्याला सुकवला होता.

रांगेत उभा असताना तो माझ्या कानाशी आला.

"दादा, जीभ टाळ्याला चिकटलीय रे. एक घोट देतोस?"

बाटली माझ्या हातातच होती.

"आता प्यायलास तर दोन दिवसांची मेहनत पाण्यात जाईल," मी म्हणालो. "मी सांगेन तेव्हाच पी."

वर स्वतःच्याच विनोदावर मी हसलो. तोही हसला. ओठ फुटले होते त्याचे.

मी थाप मारली.

काय चालला पोरगा! लोक उठून उभे राहिले. तो परत आला, पडद्याच्या आत पाऊल टाकलं... आणि कोसळला. हॉस्पिटलमध्ये पहाटे चारला गेला.

मावशीला मी काय सांगितलं असेल?

"मी सारखा पी पी म्हणत होतो गं. त्यानंच ऐकलं नाही."

गेलेल्या पोराच्या माथी मारून मोकळा झालो. मावशीनं माझाच हात धरून रडून घेतलं.

वर्षभरानं त्याच क्लबमधलं काम आलं. नाही म्हणालो असतो तर लोकांनी 'का?' म्हणून विचारलं असतं. म्हणून गेलो.

यादीत अकरा नावं होती. मी अकरा थापा मारल्या. अकरावा गेला, परत आला. झालं एकदाचं, म्हणून मी हेडफोन काढायला हात वर केला...

आणि समोर आणखी एक खांदा होता.

विचार करायच्या आधीच हात पडला. सवय!

उघडा खांदा. कोरडा. तव्यासारखा तापलेला...

"अरे कुणाला पाठवलंस?" हेडफोनमध्ये लाइटवाला ओरडला. "लाइट कुणावर टाकू? रॅम्प रिकामा आहे!"

तेवढ्यात गाणं संपलं.

थप... थप... थप...

अनवाणी पावलं. रॅम्पच्या टोकापर्यंत गेली. थांबली. वळली. लोकांना वाटलं हा शोचाच भाग आहे. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

माझ्यामागे अकराही जण पडद्याकडे बघत होते. एकाचा पाय पँटमध्ये अर्धाच गेला होता, तो तसाच उभा राहिला.

पावलं परत आली.

पडदा हलला नाही. पण पावलं माझ्या शेजारी येऊन थांबली. आणि कानाशी एक बारीक आवाज आला... सुकलेली जीभ टाळ्यापासून सुटल्याचा.

मी न बघताच बाटली पुढे केली. 'पी' म्हणायचं होतं. शपथेवर सांगतो, म्हणायचंच होतं. घशातून आवाजच फुटला नाही.

बाटली कुणी घेतली नाही. हात भरून येईपर्यंत मी ती तशीच धरून उभा होतो.

दुसऱ्या दिवशी तडक मावशीकडे गेलो. ठरवलं होतं, पाय धरायचे आणि सगळं ओकून टाकायचं. ती ओट्यापाशी चहा करत होती. मला बघून म्हणाली, "बरं झालं आलास. तुला विचारायचंच होतं."

"काय गं?"

"बिंडा येतो रे. रोज येतो. इथं, तू उभा आहेस ना, तिथंच उभा राहतो. मी पेला भरून पुढे करते, तर हात लावत नाही. म्हणतो, दादानं अजून सांगितलं नाही."

मी नकळत एक पाऊल बाजूला सरकलो.

"तू तर त्याला पी पी म्हणत होतास ना? मग असं का म्हणतो रे तो?"

तेव्हा बोलायला हवं होतं. शब्द ओठावर आले होते. आणि मी काय बोललो?

"स्वप्नं काय, कसलीही पडतात मावशी. मनावर घेऊ नकोस."

मावशीनं गॅस बंद केला. माझ्याकडे बघत राहिली.

"स्वप्न? मी कुठं स्वप्न म्हटलं?"

चहा न घेताच मी निघालो.

त्यानंतर घरी एकटा असताना मोठ्यानं म्हणून बघितलं, "पी रे बाबा, पी." कितीदा तरी म्हटलं. पण तो माझ्याकडे येतच नाही. तो मावशीकडे जातो. म्हणायचं तर तिच्यासमोर म्हणावं लागेल.

सहा महिने झाले, मी तिकडे फिरकलेलो नाही.