अजून दोन मिनिटं

बसा रे. बस निघालीच नाही अजून, ड्रायव्हरचा फोन आला होता. अर्धा तास तरी जाईल. पोरी, तूही आत ये, दारात वारं लागतंय.

काय विचारत होतीस? वर जिम आहे, मग जिन्याच्या दाराला कुलूप का? मशीनं तर काचेतून नवी कोरी दिसतात. दिसतात खरी. व्यायामाची हौस असेल तर उद्या ऑफिसात अर्ज दे, कुणी नाही म्हणणार नाही. फक्त आधी ऐकून घे. ज्याच्यावर हे बेतलं त्याला मी ओळखत होतो, चांगला ओळखत होतो.

हसरे साहेब म्हणायचो आम्ही त्यांना. आडनाव नव्हतं ते, चेहराच तसा होता. माणसं घेणं, माणसं काढणं, रजा देणं, सगळा कारभार त्यांच्याकडे. रजा नाकारतानाही असं हसायचे की माणूस आभार मानून बाहेर यायचा आणि मग दाराबाहेर त्याच्या लक्षात यायचं.

मुख्य ऑफिसातून हुकूम आला, कामगारांची तब्येत सुधारा. झालं, साहेबांनी मनावर घेतलं. वरच्या खोलीत कागदाची जुनी रिळं पडलेली असायची, ती हलवली, आरसा लावला, चार सायकली, वजनं आणि एक ट्रेडमिल आणली. कल्पना वाईट नव्हती हो. दिवसभर खोके कापून आमच्या कंबरा धरल्या होत्या, पोटं सुटली होती. पण नियम निघाला, प्रत्येकाने रोज वीस मिनिटं. जो चुकवेल त्याचा फोटो कॅन्टीनच्या फळ्यावर, खाली लाल शाईत 'आळशी'. डॉक्टर तपासायला आले ते अर्धाच दिवस. उरलेल्या सत्तर जणांच्या फॉर्मवर साहेबांनीच 'फिट' अशी खूण केली आणि डॉक्टरांची सही नंतर आणवली.

ट्रेडमिलला एक लाल दोरी असते. एका टोकाला चावी, ती मशीनमध्ये. दुसऱ्या टोकाला चिमटा, तो आपल्या शर्टाला. माणूस पडला, मागे सरकला की दोरी ओढली जाते, चावी निघते, पट्टा जागच्या जागी थांबतो. आमचे लोक बिलंदर. पाच मिनिटं झाली की दोरी हळूच ओढायची आणि म्हणायचं, साहेब, मशीन बंद पडलं. साहेब हसले. कटर मागवला, दोरी मुळाशी कापली आणि चावी आपल्या खोक्यांच्या चिकटपट्टीने जागेवर पक्की बसवून टाकली.

आता नाजूक. कापणीच्या मशीनवर होता, वजन एकशे सात किलो, म्हणून नाव नाजूक. चेष्टा केली की तोच सगळ्यांच्या आधी हसायचा. डावा पाय किंचित घासत चालायचा. जिना चढला की खांबाला टेकायचा, पण त्याच्या फॉर्मवरही 'फिट'च होतं. दोन वेळा फळ्यावर फोटो लागला, तिसऱ्यांदा लागू नये म्हणून आला बिचारा. साहेब शेजारी उभे. एका हातात फोन, मुख्य ऑफिसला व्हिडिओ पाठवायचा होता. दुसरा हात थांबवायच्या बटणावर, झाकून.

नाजूक म्हणाला, "साहेब, बंद करा."

"अजून दोन मिनिटं."

"साहेब, छातीत कळ येतेय. बंद करा."

"अहो, दोनच मिनिटं. चेहरा जरा हसरा ठेवा."

तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले. मग पडला. पट्टा थांबला नाही. त्याचा गाल पट्ट्यावर आणि पट्टा चालू. साहेबांनी आधी फोन खिशात ठेवला, मग बटण दाबलं. कागदावर लिहिलं गेलं, विश्रांतीच्या वेळेत, स्वतःच्या मर्जीने व्यायाम करताना मृत्यू. गेटवरचा चौकीदार नाजूकचा साडू होता. कपड्यांची पिशवी घरी त्यानेच नेऊन दिली. शर्टाची एक बाजू पट्ट्याने विरली होती, आणि बायकोने विचारलं, हे कशाने झालं?

या गोष्टीला चाळीस दिवस झाले होते. तारीख वीस जानेवारी, गुरुवार. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मुख्य ऑफिसची माणसं यायची होती, निरोगी कारखान्याची शिल्ड द्यायची की नाही ते ठरवायला. अट अशी की प्रत्येक मशीन पन्नास तास चाललेलं असलं पाहिजे. मशीनच्या पडद्यावर तास दिसतात. ट्रेडमिल चाळीस दिवस बंद, चव्वेचाळीसवर अडकलेली. सहा तास कमी.

साधं काम होतं. रात्री साडेअकराला साहेबांची गाडी आली. चौकीदाराला म्हणाले, "मी वर बसून कागद करतोय. काही झालं तरी वर येऊ नकोस." हसले, वर गेले. दार लावलं, फोन खिडकीपाशी टेबलावर ठेवला, अकरा चाळीसला ट्रेडमिल रिकामीच चालू केली, आणि तिच्या बाजूला खुर्ची घेऊन जिमच्या हजेरीच्या वहीत कामगारांच्या सह्या करायला बसले. निळ्या पेनने दहा, मग काळ्याने दहा.

रिकामा पट्टा सरसर वाजतो. माणूस चढला की मोटर घोगरी होते.

बारा वाजून दहा मिनिटांनी मोटर घोगरी झाली.

साहेबांनी मान वर केली. पट्ट्यावर कुणी नाही. पण आवाज... धप. सर्र. धप. सर्र. एक पाय घासत.

पडद्यावर वजन आलं. एकशे सात.

साहेब उठले. बटण दाबलं. पट्टा चालूच. मग चावी उपटावी म्हणून हात घातला, तर चिकटपट्टी तशीच पक्की. आणि तिच्या खालून... लाल दोरी. त्यांनी स्वतः कापलेली. दोरी कुठे जाते म्हणून नजर मागे मागे आली.

चिमटा त्यांच्याच कॉलरला होता.

पडद्यावर आता वजन नव्हतं. छातीचे ठोके होते. अठ्ठ्याण्णव. ठोके मोजायच्या मुठीला हात लागलेला नव्हता, तरी अठ्ठ्याण्णव. साहेब घाबरून मागे सरले. दोरी ताणली. साठ. आणखी अर्धं पाऊल. एकेचाळीस... डोळ्यांपुढे अंधारी, आत श्वास शिरेना. धडपडत पुढे आले. पंच्याऐंशी. नव्वद.

समजलं त्यांना. हुशार माणूस होता. चावी निघाली की थांबतं, आणि आता थांबणार ते काळीज; चिमटा सुटला तरी तेच.

दोरी दोन हात लांब. टेबल चार हातांवर. साडेबाराला फोन वाजला, घरून. मुलगी होती, आठवीतली, बाबा आल्याशिवाय झोपायची नाही. एकला वाजला. सव्वाला वाजला. हात लांब केला तर एक वीत कमी पडायची. मग वाजायचा थांबला.

पडद्यावर वेळ दिसत होती. दोन मिनिटं, उलटी मोजणी. एक मिनिट... तीस सेकंद... दहा... शून्य. साहेबांनी डोळे मिटले. काही झालं नाही. उघडले.

पुन्हा दोन मिनिटं.

रात्रभर. धप, सर्र. शून्य. दोन मिनिटं. शून्य. दोन मिनिटं. मध्येच ते पाऊल थांबायचं आणि काहीतरी जड कोसळायचं. पट्टा चालूच. मग पुन्हा पहिल्यापासून... धप. सर्र.

साहेबांनी हाका मारल्या. दोनदा तर चौकीदाराला खाली स्पष्ट ऐकू आल्या. तो गेला नाही. वर येऊ नकोस असं सांगितलं होतं ना.

पाच चाळीसला पट्टा आपोआप थांबला. तेव्हा गेला तो.

साहेब मशीनला चिकटून उभे होते. ओठ पांढरे, पँट ओली. दोन्ही हातांनी दोरी धरलेली, ताणू नये म्हणून. त्यांनी सगळं सांगितलं. फॉर्मचं, कटरचं, बटणावरच्या हाताचं, काही म्हणजे काही लपवलं नाही. मग म्हणाले, "हात लावू नकोस रे. डॉक्टरला इथेच आण. माझी मुलगी वाट बघतेय."

चौकीदाराने शांतपणे ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "नाजूक किती वेळा म्हणाला होता, बंद करा?"

"तीनदा."

"म्हणा मग."

साहेब म्हणाले. एकदा... दोनदा... तिसऱ्यांदा आवाज फुटला नाही.

"कॉलर किती मळली साहेब तुमची," चौकीदार म्हणाला. आणि दोन बोटांनी चिमटा दाबला.

बस्स. एवढासा आवाज झाला. टिक.

डॉक्टर म्हणाले, हृदय. मशीनवर दोरी सापडली नाही, चिकटपट्टीखाली नुसतं कापलेलं टोक होतं. पडद्यावर पूर्ण पन्नास तास. शिल्ड मिळाली आपल्याला. ती काय, खालच्या काचेच्या कपाटात आहे, रोज तिच्यासमोरून जाता तुम्ही.

साहेबांच्या मनातलं मला कसं ठाऊक? चौकीदाराला त्यांनी सांगितलं, चौकीदाराने मला. पस्तावा? नाही. त्याला पस्तावा कधीच झाला नाही, खोटं कशाला बोलू? मुलीचं मात्र वाईट वाटतं. कुठे असतो तो चौकीदार? असतो इथेच. लांब कुठे जाववत नाही म्हणतो, गेटाच्या पलीकडे दहा पावलं टाकली की दम लागतो.

हा हॉर्न तुमच्याच बसचा. उठा.

काय गं पोरी, अशी काय बघतेस माझ्या कॉलरकडे? दातांचे चार ठसे आहेत ना, चिमट्याचे? ...मलाही दिसतात. चौकीवरची वर्दी नवी आहे. संध्याकाळीच घडी मोडली.