पाणी लागलं की

त्या उन्हाळ्यात जर्मनीत पाऊस जवळजवळ पडलाच नाही. गेर्लिंगेनच्या टेकडीवरचं गवत आमच्या माणदेशातल्यासारखं पिवळं झालं होतं. घरं थंडीसाठी बांधलेली, त्यामुळे आत नुसता कोंडमारा. शनिवारी माझा मुलगा नागेश म्हणाला, "आई, श्टुटगार्टला प्रदर्शन लागलंय. थरच्या वाळवंटातलं अख्खं शहर उभं केलंय म्हणे. जुन्या ट्राम डेपोत आहे, जाड भिंती, आत गार असेल."

"गेनाऊ! बरोबरच आहे, उन्हातून सुटायला वाळवंट. तुझंच डोकं, नागेश," सूनबाई हसली. तिचं नाव निशिगंधा.

नात इरा सहा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये. मी बोलते, ती बोलते, दोघींचं चाललेलं असतं.

पाण्याच्या बाटल्या आत नेऊ देत नव्हते. त्या दाराशी लॉकरमध्ये ठेवल्या. शहराची वेस खऱ्या पिवळ्या दगडाची होती, पुढचं सगळं प्लायवूड आणि प्लास्टर. बाजारपेठ, जाळीच्या खिडक्यांची हवेली, टांगलेल्या कठपुतळ्या. लाऊडस्पीकरमधून वारा वाहत होता. दुकानांच्या पाट्या देवनागरीत होत्या. मी अक्षरं शिकले पन्नाशीनंतर, गावातल्या रात्रीच्या वर्गात, म्हणून अजून दिसेल ती पाटी वाचते. इराला एकेक वाचून दाखवली. एकीवर होतं, 'मीठा पानी'.

"इश हाबे दुर्स्ट," इरा म्हणाली.

"तहान लागलीय तिला," निशिगंधा म्हणाली. "थांब हं राणी, बाहेर गेल्यावर."

बाजाराच्या टोकाला बारव होती. तीन पायऱ्या खऱ्या, त्याखाली फळीवर रंगवलेल्या. अगदी तळाशी हिरवट पाणी, तेही रंगाचंच.

मी तिथे थबकले. माझी थोरली बहीण, अक्का, अशाच पायऱ्या उतरून गेली होती. तेव्हा मी इराएवढी होते. दुष्काळ होता, विहीर आटलेली. अक्कानं मला बाभळीखाली बसवलं. "धाकटे, हितंच बस. पाणी लागलं की हाक मारते, मग ये." मी ऊन कलेपर्यंत बसले. माणसं आली, विहिरीत उतरली. तळ कोरडा होता, कळशी पायरीवर होती. अक्का कुठंच नव्हती. ती मला आधी पाजायची, मग स्वतः प्यायची. दोन्ही कोपरं पोटाशी धरून, करंगळीवर करंगळी चढवून ओंजळ करायची. थेंब सांडत नसे.

बारवेसमोर छोटं देऊळ मांडलं होतं. मी चपला काढायला वाकले.

"आई, अगं देऊळ खोटं आहे," नागेश पुटपुटला. "लोक बघतायत."

"घंटा तर खरी आहे ना?"

चपलेचा पट्टा सुटेना, म्हणून मी इराचा हात सोडला. पट्टा सुटला. उभी राहिले तर इरा नव्हती.

नागेश वेशीकडे धावला, निशिगंधा हवेलीत. पहारेकरी बाई 'या, या' म्हणजे 'हो, हो' म्हणत मला बसायला सांगत होती. मी अनवाणी बाजारातून हाका मारत फिरले. पायाखाली सिमेंट होतं, गार आणि गुळगुळीत. कठपुतळ्यांमागे पाहिलं, कापडाच्या गठ्ठ्यांमागे पाहिलं.

मग लाऊडस्पीकरचा वारा थांबला.

रहाट करकरला. खूप खाली कळशी पाण्यावर आपटली. आमच्या गावच्या विहिरीवरचा तो आवाज मी साऱ्या जन्मात विसरले नव्हते.

मी बारवेकडे वळले. इरा तिसऱ्या पायरीवर उभी होती, तोंड रंगवलेल्या फळीकडे. मघाशी मी तिथेच पाहिलं होतं, तेव्हा ती नव्हती.

तिची हनुवटी ठिबकत होती. फ्रॉकचा गळा ओला होता. बूट नव्हते, तळव्यांना वाळू चिकटलेली होती.

निशिगंधानं तिला उचललं, रडत रडत दहा प्रश्न विचारले. इरानं शांतपणे जर्मनमध्ये सांगितलं. "म्हणते, एका ताईनं पाजलं," निशिगंधा म्हणाली. "हातानं."

"असेल कुणी मुलगी बाटली लपवून आणलेली," नागेश म्हणाला. पहारेकरी बाईनं पायरीवरून हात फिरवला. पायरी कोरडी होती. बूट काही सापडले नाहीत.

परतीच्या ट्राममध्ये मी इराचं मनगट सोडलं नाही. मला एकच कळत होतं, अक्का हिला न्यायला आली असेल, तर मी हिला पाण्यापाशी एकटी जाऊ द्यायची नाही.

संध्याकाळी इरा स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग. स्टुलावर चढून तिनं नळ सोडला. कोपरं पोटाशी धरली. करंगळीवर करंगळी चढवली. हे तिला कुणीच शिकवलं नव्हतं.

"इरा, खाली उतर."

तिनं कोपरानं नळ बंद केला आणि माझ्याकडे वळली. मग मराठीत बोलली. आमच्या गावच्या हेलात.

"धाकटीला सांग म्हणली, पाणी लागलं."

हाक इराला नव्हती.

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. दिवसभर मीही पाणी प्याले नव्हते, हे तेव्हा ध्यानात आलं. इरानं हात पुढे केले. मी वाकले. पाणी गार होतं, त्याला गाळाचा वास होता.

मी पोटभर प्याले. तोंड उचललं, तेव्हा त्या इवल्याशा ओंजळीतलं पाणी होतं तेवढंच होतं.