माझाही प्रवेश काढा

नाव : कु. ब्राह्मी पायगोंडा मगदूम

या ओळीवर कुणीतरी उभं होतं.

म्हणजे माणूस नव्हे. नुसती एक हिरवी उभी रेघ. 'मगदूम'च्या शेवटच्या अक्षरापाशी उघडझाप, उघडझाप करणारी. रेघेच्या डोक्यावर चिमुकली पाटी — अनामिक मुंगूस.

दुपारचे चार वीस. आष्ट्याचं माती परीक्षण केंद्र. टेबलावर ओळीनं मातीच्या पिशव्या, आणि संगणकासमोर बसलेली ब्राह्मी पार हादरलेली. कारण ही फाइल तिच्या लग्नाच्या बायोडाटाची होती. फुकटच्या एका संकेतस्थळावर तिनं ती स्वतः बनवली होती, कडेनं जास्वंदीची नक्षी वगैरे लावून. ती उघडायची वाट ठाऊक असलेलं दुसरं माणूस एकच, आप्पा. आप्पा या वेळी उसात असतात. आणि आप्पांच्या डोक्यावर पाटी असती तर ती 'पायगोंडा' अशी आली असती. मुंगूस नव्हे! नाव न देता आत शिरणाऱ्याला ते संकेतस्थळ असं एखाद्या प्राण्याचं नाव चिकटवतं.

तिनं फोन लावला.

"आप्पा, माझा बायोडाटा कुणाला दिलाय?"

"समाजाच्या ग्रुपवर टाकला की! रविवारी सांगलीत वधू-वर मेळावा हाय न्हवं. त्याच्या आधी समद्यांनी बघू दे म्हटलं."

"मी करून दिलेली पीडीएफच टाकली ना?"

"ती कुणाला उघडंना गं. लय जड हाय म्हणत्यात. मग ती निळी ओळ असती बघ, लिंक... ती आत्ताच सव्वाचारला टाकली. फटक्यात उघडती! आठशे त्रेचाळीस माणसं हायत ग्रुपवर."

आप्पांच्या आवाजात नातवाच्या बारशाचा आनंद होता. ब्राह्मीनं खुर्चीचा हात घट्ट धरला.

कारण त्या निळ्या ओळीतून जो येईल, त्याला फाइल नुसती बघता येत नव्हती, बदलताही येत होती. आणि बदलता येणाऱ्याला वरच्या कोपऱ्यातलं आणखी एक बटण दिसत होतं — 'मागच्या आवृत्त्या'. ते दाबलं की या फाइलमध्ये कधीकाळी लिहिलेलं आणि पुसलेलं सगळं समोर येत होतं. सगळं.

तिनं एक ओळ तीनदा लिहिली होती. आप्पांनी ती तीनदा खोडली होती.

उंची : ५ फूट २ इंच

तिच्या डोळ्यांदेखत हा आकडा ५ फूट ७ झाला. परत २ झाला. समासात एक टिप्पणी उगवली.

— नमस्कार. फाइल सताड उघडी आहे. आत्ता कुणीतरी तुमची उंची वाढवून गेलं. मी उतरवली.

ब्राह्मीनं लिहिलं,

— तुम्ही कोण?

— मुंगूस.

— खरं सांगा!

— साताऱ्यात एसटी स्टँडसमोर ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे माझं. आईच्या फोनवर तुमची लिंक आली. ती म्हणाली, पोरीचा फोटो जरा मोठा करून दाव. मोठा करायला गेलो, तर दारच उघडं.

— मग आत कशाला आलात?

रेघ थोडा वेळ नुसतीच उघडझाप करत राहिली.

— कडी लावायला.

ब्राह्मीला हसू आलं. अशा वेळीही आलं. त्याचा तिला रागही आला.

मग तो सांगत गेला, ती करत गेली. वर उजवीकडं निळं बटण. सापडलं? नाही... हां, सापडलं. आधी या फाइलची नवी प्रत काढा. प्रतीत जुनं खोडलेलं येत नाही, कोरी पाटी. तिची लिंक फक्त मला द्या, बाकीचं तिथं बोलू. आता ही जुनी फाइल कायमची बंद.

— चुकून भलतंच काही दाबलं तर?

— सावकाश. मी दारात उभा आहे. कुणी आलं तर बघतो.

चार वाजून एक्केचाळीस मिनिटांनी जुनी फाइल बंद झाली. सव्वीस मिनिटं उघडी होती. आठशे त्रेचाळीस माणसं, सव्वीस मिनिटं... हा हिशेब तिच्या डोक्यातून संध्याकाळी जेवतानाही जाईना.

शिक्षण : बी.एस्सी. कृषी

या रकान्यात काही घडलं नाही.

फोटो

शुक्रवारी नव्या प्रतीत तो आधीच येऊन बसला होता. ब्राह्मीनं मातीच्या पिशव्या बाजूला सारल्या.

— पीडीएफ जड का झाली ते कळलं. तुमचा फोटोच सात एमबीचा आहे. फोटो बारीक करायचं फुकटचं संकेतस्थळ सांगतो. माझं अर्धं दुकान त्यावर चालतं. भरतीची पोरं येतात, पन्नास केबीच्या आत फोटो, वीस केबीच्या आत सही. दहा सेकंदांचं काम. पोरं मला देव समजतात, मी गप्प बसतो.

— खरं सांगत नाही त्यांना?

— सांगतो की. निघताना कागदावर पत्ता लिहून देतो. पुढच्या वेळी घरीच करा म्हणून.

— अशानं दुकान कसं चालायचं?

— चालत नाहीच फारसं. आई तेच म्हणते.

पलीकडच्या टेबलावरून मायानं मान उंच केली. माया तिची सहकारी. डोळ्यानं मातीतला आणि माणसातला ओलावा ओळखणारी.

"काय गं, कुणाशी बोलतीस?"

"मुंगसाशी."

"बरं हाय! मुंगूस दिसलं की शुभ असतंय. लहानपणी आपण मागं पळायचो की, तोंड दाखव म्हणून." माया खुर्ची ओढून जवळ आली. "दाखवलं का मग तोंड?"

ब्राह्मीनं तिला ढकललं. समासात नवी टिप्पणी आली होती.

— एक विचारू? रागवू नका... तुमच्या डाव्या खांद्यावर चार बोटं राहिलीत.

 तिनं फोटो मोठा केला. मोरपंखी साडी, अबोलीचा गजरा, आणि खांद्यावर, पदराच्या काठाला चिकटून, चार गोरी, जाडसर बोटं. बाकीचा माणूस तिनं फुकटच्याच एका संकेतस्थळावर पुसला होता. मागचं सगळं कापून देणारं यंत्र होतं ते. त्यानं मंडप कापला, पाहुणे कापले, माणूस कापला... बोटं मात्र साडीची समजून ठेवून दिली.

आठशे त्रेचाळीस माणसांनी ती पाहिली होती.

— आईला वाटलं, नक्षी आहे, त्यानं लिहिलं. आणि लगेच पुढं : पुसायचा ब्रश डावीकडं आहे. मी पुसत नाही. तुम्हीच पुसा.

ती पुसायला लागली. करंगळी गेली. मग तिनं थांबून विचारलं. कालपासून जे विचारायचं ती टाळत होती, ते...

— तुम्ही मागच्या आवृत्त्या बघितल्यात का?

उघडझाप. उघडझाप.

— हो. तुमची खरी उंची शोधायला उघडल्या. ती ओळ दिसली. वाचली. बघितलं नाही असं म्हणता आलं असतं, पण मग पुढं बोलता आलं नसतं.

ती ओळ अशी होती : पूर्वी एकदा साखरपुडा झाला होता. तो मी मोडला.

— कुणाला सांगणार नाही, त्यानं लिहिलं. का मोडला, तेही विचारणार नाही.

आणि तो विचारत नव्हता, म्हणूनच ब्राह्मीनं सांगितलं. मुलगा पुण्याचा, नोकरी उत्तम. साखरपुड्याच्या रात्री त्यानं तिच्या फोनवर एक सोय चालू करून दिली. फुकटचीच. ती कुठं आहे ते त्याला नकाशावर दिसायचं, चोवीस तास. काळजी वाटते म्हणाला. एकदा ती मावशीकडं विट्याला गेली, तर पोचायच्या आत फोन : आष्ट्यात का नाहीस? एकदा केंद्राच्या मागं, शिवारात माती काढायला गेली : तिथं कोण आहे?

— एकवीस दिवस मी नकाशावरचा ठिपका होते, तिनं लिहिलं. बाविसाव्या दिवशी ती सोय बंद केली. तासाभरात तो घरी हजर. आप्पा म्हणाले, एवढ्याशा गोष्टीवरनं? मी अंगठी काढून दिली.

उरलेली तीन बोटं तिनं एका दमात पुसली.

 मग समासात आलं —

— साडी छान आहे.

खोडलेली ओळ

शनिवारी दुपारी बायोडाटा पूर्ण झाला. नव्वद केबीची पीडीएफ, आप्पांनी स्वतःच्या हातानं ग्रुपवर चढवलेली. आता बोलायला कारण उरलं नव्हतं. तरी दोघं समासात घुटमळत होती.

— तुमचं नाव तरी सांगा.

— नाव सांगितलं की बायोडाटा होतो. मग उंची, शेती, दुकान किती चालतं... मुंगूस बरं आहे.

— उद्या मेळाव्याला येणार?

— आई नेणार म्हणते. आणि एक राहिलं. तुमच्या फाइलचं एक दार अजून उघडं आहे.

— कुठलं?

— माझं. तुम्ही आत काय लिहिता, खोडता, मला सगळं दिसतं. तुम्हाला पुन्हा कुणाच्या नकाशावर ठिपका व्हायचं नाही ना? मग माझाही प्रवेश काढा.

ब्राह्मी त्या चार शब्दांकडं बघत राहिली. असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच भरात तिनं बटण दाबलं.

हिरवी रेघ गेली.

पटकन. 'येतो' म्हणायलाही न थांबता.

मग तिच्या ध्यानात आलं... नाव नाही. नंबर नाही. चेहरा नाही.

"शाणी हायस का तू?" माया कपाळावर हात मारून म्हणाली. "मुंगसाला बिळात घालून वर दगड ठेवलास!"

रात्रभर ब्राह्मीला दोनच प्रश्न. ती ओळ आणखी कुणी वाचली असेल? आणि — तो खरंच येईल? पहाटे लक्षात आलं, पहिला प्रश्न तिनं बऱ्याच वेळात विचारलाच नव्हता.

अपेक्षा :

सांगलीचं सभागृह गच्च भरलं होतं. परिचय पुस्तिकेत साताऱ्याची अकरा मुलं. फॉर्मचं दुकान कुणाचंच नाही. तिघांचा 'स्वतःचा व्यवसाय'. फोटोवरून काय कळणार? रेघेला चेहरा कुठं असतो?

आप्पा शेजारी येऊन कुजबुजले, "बेंगळुरूचा इंजिनिअर हाय, त्याच्या आईनं तुज्या नंबरवर खूण केलीया. इचारत हुती, आदी कुठं जमलं हुतं का म्हणून. मी न्हाई म्हटलं. तूबी त्येच म्हण."

"आप्पा..."

"ब्राह्मी, पाया पडतो बाई. एकदा मार्गी लाग. मग काय बोलायचं त्ये बोल."

आप्पांचा हात तिच्या मनगटावर होता.  तिला त्यांचा राग यायला हवा होता... आला नाही.

"मुलगी क्रमांक एकशे बारा!"

माईक थंडगार होता. तिनं नाव सांगितलं. उंची सांगितली. शिक्षण सांगितलं. समोर शेकडो चेहरे आणि त्यातल्या कुठल्यातरी एका चेहऱ्यामागं, कदाचित, हिरवी रेघ. खाली उतरायच्या पायरीकडं तिनं एक पाऊल टाकलं. मग माघारी फिरली.

"पूर्वी एकदा माझा साखरपुडा झाला होता. तो मी मोडला. बायोडाटात ही ओळ नाही, म्हणून सांगितली."

 तिसऱ्या रांगेत एका बाईनं पुस्तिकेत कसलीशी खूण खोडली.

ती खाली आली. आप्पा मान खाली घालून बसले होते. मान वर न करताच म्हणाले, "मला आदी सांगायचं."

"तीनदा लिहिलं होतं की आप्पा. तुमी तीनदा खोडलं."

"खोडलेलं त्यात ऱ्हातंय म्हणं?"

"राहतंय."

आप्पांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "मग खोडून तरी काय उपेग."

तेवढ्यात मुलांचा परिचय सुरू झाला. डॉक्टर आले, दोन इंजिनिअर आले. मग एक बेतास बात उंचीचा, कुरळ्या केसांचा मुलगा माईकशी आला. तो लाजून फार पापण्या मिटत होता. उघडझाप, उघडझाप...

ब्राह्मी ताठ झाली.

"मी धवल. सातारा. एसटी स्टँडसमोर फॉर्म भरून देतो. दुकान बेताचंच चालतं." कुणीतरी हसलं. त्यानं घसा साफ केला. "अपेक्षा एकच. काल कुणीतरी माझा प्रवेश काढला. मीच काढायला सांगितला होता. पण... परत मिळाला तर बरं होईल."

"काय म्हणतोय त्यो?" आप्पांनी विचारलं.

"काय नाही," ब्राह्मी म्हणाली. तिचे कान तापले होते.

जैनांच्या रिवाजाप्रमाणं सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची म्हणून पाचलाच पंगतीला गर्दी झाली. ताट घेऊन ती वळली, तर तो समोर. हातात ताट, ताटात फक्त मीठ.

"वाढून घ्या की," ती म्हणाली.

"भूकच नाही. तीन दिवस जुनी फाइल आठवून... म्हटलं, ती ओळ बाहेर फुटली तर तुम्हाला वाटेल हाच बोलला कुणाकडं."

"वाटलं होतं."

"आणि आता?"

तिनं ताट कट्ट्यावर ठेवलं. फोन काढला. "मेलचा पत्ता सांगा. नावासकट. मुंगूस चालणार नाही."

त्यानं सांगितला. पडद्यावर तीन पर्याय आले : फक्त पाहणे. टिप्पणी. बदल. तिनं फोन त्याच्यापासून जरा लपवत मधला निवडला.

"बदल नाही?" तो वाकून बघत म्हणाला.

"तो माझ्याकडं राहील."

"बरोबर आहे," तो म्हणाला. हसत नव्हता. मनापासून म्हणाला.

लांबून आप्पांची हाक आली, "ब्राह्मी, ऊन उतरलं, जेवून घे!" आणि जरा थांबून, "त्या पोरालाबी वाढा की कुणीतरी. मीठ घिऊन हुबा हाय!"

तिच्या हातातल्या फोनवर फाइल उघडीच होती. तळाचा 'अपेक्षा' हा रकाना तिनं कोरा सोडला होता. धवलनं ताट एका हातात धरून आपला फोन उघडला, आणि रकान्याच्या शेजारी, समासात, हिरवी रेघ येऊन उभी राहिली. या वेळी पाटीवर 'धवल' असं होतं. ती काहीच लिहीत नव्हती. नुसती वाट बघत होती.

"लिहा ना," ब्राह्मी हळूच म्हणाली.