ताईला दाखवलेला समुद्र

शालूबाई गेल्याचं किसनरावांना नांदेडच्या दवाखान्याच्या जिन्यात कळलं. ते शहाळं आणायला खाली उतरले होते. वर येताना शेजारच्या खाटेवरल्या म्हातारीची सून जिन्यात उभी दिसली. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, आणि तेवढ्यावरूनच त्यांना काय ते समजलं. तरी शहाळं हातातच धरून ते उभे राहिले.

ती म्हणाली, शेवटपर्यंत बाई दाराकडंच बघत होत्या. "म्हणल्या, त्यांना बोलवा, एक सांगायचं राहिलं. मी तुमालाच बघायला निघाले होते."

काय सांगायचं होतं ते शालूबाई तिच्याजवळ बोलल्या नव्हत्या.

तेरवी झाली, पाहुणे पांगले, आणि कुरुंद्याच्या घरात किसनराव त्या एका गोष्टीपाशी येऊन थांबले. आधी त्यांनी सरळ विचार केला. बाईमाणूस शेवटी काय सांगणार? पोरीच्या लग्नाचं असेल, कुठं ठेवलेल्या दागिन्याचं असेल, नाहीतर विरजण लावायचं राहिलं एवढंच असेल. त्यांनी पेट्या उघडून बघितल्या, पोरीला विचारलं, माहेरच्यांना विचारलं. कुणालाच काही माहीत नव्हतं. मोटर बंद पडली तर वायर कुठं जळाली ते शोधून काढल्याशिवाय न जेवणारा हा माणूस. इथं मात्र त्यांना हात घालायला जागाच सापडेना.

पुढच्या वर्षी मोठ्या बहिणीनं, भिकाबाईनं, त्यांचं दुसरं लग्न लावून दिलं. सेनगावकडच्या साखरा गावची शिवकन्या. पहिल्या नवऱ्यानं मूल होत नाही म्हणून सोडलेली, कमी बोलणारी, हाताला उरक असलेली बाई. लग्नाआधी भिकाबाईनं वसमतच्या सोनाराकडून चांदीचा टाक करून आणला. बोटाच्या पेराएवढा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली एक उभी बाई. ती शालूबाई. दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीला असं गळ्यात घालायचं, कुंकू आधी तिला लावायचं, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, म्हणजे ती रुसत नाही.

किसनरावांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तरी लग्नाच्या दिवशी तो टाक शिवकन्येच्या गळ्यात पडला तेव्हा त्यांना कसंसंच झालं. शालू आता दुसऱ्याच माणसाच्या छातीशी राहणार, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं. ते कुणाला बोलण्यासारखं नव्हतं.

सहल ठरवली ती पोरीनं. प्रतिक्षा पुण्यात नोकरीला आहे. हळद काढायला अजून वेळ आहे, तुमी दोघांनी चार दिवस कुठंतरी जाऊन या, असं तिनं फोनवर सांगितलं आणि विचारायच्या आधीच विशाखापट्टणमचं एक स्वस्तातलं रिसॉर्ट ठरवूनही टाकलं. नांदेडहून थेट गाडी होती. "मावशीनं समुद्र बघितला न्हाई, बाबा. तुमीबी कुठं बघितला?" असं ती म्हणाली. शिवकन्येला ती मावशी म्हणायची. किसनरावांना नाही म्हणता आलं नाही.

कुरुंद्यात तेव्हा अंगणात शेकोटी पेटत होती. तिकडं उतरल्यावर स्टेशनातच स्वेटर काढावा लागला. रिसॉर्ट समुद्रापासून जरा आत होतं. निळा रंग उडालेल्या खोल्यांची एक ओळ, मध्ये नारळाची झाडं, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक गंजका झोका. सकाळी इडली आणि पाणचट कॉफी भाड्यातच होती. खोलीत खाऱ्या हवेचा आणि ओल्या चादरींचा वास. काम काहीच नाही. पहिल्या दिवशी किसनरावांनी नळाची गळती स्वतःच बांधून टाकली, आणि मग त्यांना करायला काहीच उरलं नाही.

समुद्र दिसला तेव्हा शिवकन्येनं पदराखालचा टाक बाहेर काढला, बोटांत धरून पाण्याकडं वळवला आणि म्हणाली, "ताई, बघा."

नवं लुगडं दाखवतात तसंच हे, असं किसनरावांनी धरलं. त्यांना ते बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती त्यांना म्हणाली, तुमी डोकं भिजवू नका, तुमचा डावा कान फुटतो. हे पोरीनं सांगितलं असेल. कॉफी नको म्हणून तिनं त्यांच्यासाठी स्वयंपाकघरातून गरम पाणी मागून आणलं. तेही पोरीनं सांगितलं असेल. मग दुपारी झोक्यावर बसल्या बसल्या ती आपोआप हसायला लागली. हसू आवरेना म्हणून तिनं तोंडाला पदर लावला.

काय झालं, असं त्यांनी विचारलं.

"तुमी हिंगोलीच्या दसऱ्याच्या जत्रेत हरवले होते व्हय? आन् ताई रडत हुडकून राहिल्या, तर तुमी पाळण्यामागं उभं राहून जिलबी खाऊन राहिले."

ते लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्यातलं होतं. लाजेपायी त्यांनी ते कुणालाही सांगितलं नव्हतं, आणि शालूनं कुणाला सांगू नये अशी तिला शपथ घातली होती. पोरीलाही ते माहीत नव्हतं.

"तुला कुणी सांगितलं?"

"ताईनं," शिवकन्या म्हणाली. शेजारणीनं सांगितलं म्हणावं, तसं म्हणाली.

त्यांना भीती वाटायला हवी होती. भीती नंतर वाटली. आधी मनात जे आलं ते निराळंच होतं. इतकी वर्षं जिच्याशेजारी आपण निजलो, जिचं आजारपण काढलं, ती बोलायला आली आणि ती या साखऱ्याच्या बाईकडं आली. आपल्याकडं नाही. आपण घातलेली शपथही तिनं हिच्यासाठी मोडली.

त्यानंतर त्यांचं लक्ष सगळं तिच्यावरच राहू लागलं. न्हाणीघरातून तिचा बोलण्याचा आवाज यायचा. एक वाक्य, मग मध्ये थांबणं, मग "अगं बाई, खरं का?" असं. ते बाहेर आले की बोलणं बंद. एकदा त्यांनी विचारलंच, काय बोलता? ती म्हणाली, बायकांच्या गोष्टी असतात, त्या तुमाला काय सांगू? तिनं ते गमतीनं म्हटलं होतं. किसनराव त्या दिवशी जेवले नाहीत.

शेवटी त्यांनी मान खाली घातली. दवाखान्यातलं सगळं तिला सांगितलं आणि म्हणाले, "तिला एवढं इचार. काय सांगायचं राहिलं होतं?"

शिवकन्येनं ऐकून घेतलं. तिचे डोळे भरून आले. विचारते म्हणाली.

सकाळी नाश्त्याला तिनं उत्तर आणलं. "आठवून सांगते म्हणल्या."

"आठवून? म्हंजे?"

"इथं आल्यापासून त्यांना लई बरं वाटून राहिलं. घरचं एकेक सुटून राहिलं म्हणतात, डोक्यावरचा भारा उतरावा तसं." इडलीचा तुकडा तिनं चटणीत फिरवत ठेवला. "काल मला प्रतिक्षाचं नाव इचारलं."

किसनरावांनी कप खाली ठेवला.

त्यांनी तिथल्या तिथं हिशेब केला. आधी पोरीचं नाव. मग गाव, मग घर. आपला नंबर कुठं येईल, ते कळत नव्हतं. उद्याच निघायचं, असं ते म्हणाले. शिवकन्येचा पहिल्यांदाच आवाज चढला.

"काहून? अजून दोन दिवस हायेत की. तुमाला जायचं तर तुमी जावा. आमी दोघी राहतो."

आमी दोघी. ते शब्द त्यांना दिवसभर टोचत राहिले.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर ती पाण्यात जायला निघाली. लाट टाक ओढून नेईल म्हणून तिनं तो गळ्यातून काढून त्यांच्या हातात दिला. वाळूवर बरीच माणसं होती. कणसं भाजणारा होता, घोडेवाला होता. किसनराव जरा बाजूला सरले आणि टाक त्यांनी कानाशी धरला.

पत्रा अंगाच्या उबेनं गरम होता. बाकी काही नाही.

त्यांनी तो ओठांशी धरला. शालू, म्हणाले. मी हाय.

काही नाही.

मान वर केली तेव्हा शिवकन्या घोटाभर पाण्यात उभी होती. तिच्या गळ्यात टाक नव्हता, तरी ती डावीकडं तोंड करून बोलत होती. डावा हात अंगापासून लांब होता. कुणाचा तरी हात धरावा तशी त्याची मूठ वळली होती.

लाट आली. शिवकन्या हलली नाही. तो हात मात्र समुद्राकडं ओढला गेला, खांद्यापासून, आणि हसत हसत तिनं तो मागं खेचला.

किसनराव ओरडले, "शालू!"

शिवकन्येनं वळून बघितलं नाही. ती फक्त थांबली, बाजूला जरा वाकली, कुणी काही विचारत असल्यासारखी ऐकू लागली. मग तिनं वळून किसनरावांकडं बोट दाखवलं. अनोळखी माणसाला दाखवावं तसं.

दुसऱ्या दिवशी ते निघाले. गाडीत शिवकन्या खिडकीशी बसली आणि नांदेड येईपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. किसनरावांना एकच आशा होती. घर बघितलं, उंबरा ओलांडला, चूल बघितली, की शालूला आठवेल. कुरुंद्याला पोचल्यावर तिचं लुगडं, तिची फणी, पोरीचा लहानपणीचा फोटो त्यांनी मधल्या खोलीत मांडून ठेवला. शिवकन्येनं ते सगळं टाकाला दाखवलं. काय म्हणाली, असं त्यांनी विचारलं की ती नजर चुकवायची. तब्येत बरी हाय त्यांची, एवढंच म्हणायची.

हळद निघाली. शेतात कढया लागल्या, गावभर शिजत्या हळदीचा वास भरला. दोघी आता दुपारी मधल्या खोलीचं दार लावून घेत होत्या. दोघी, असं किसनरावही मनात म्हणायला लागले होते.

परवा ते भर दुपारी शेतातून घरी आले. अंगणात हळद वाळत पसरली होती. दार लावलेलं होतं आणि आत बोलणं चालू होतं. या वेळी बोलण्यात थांबणं नव्हतं. एक आवाज थांबला की दुसरा सुरू होत होता.

दुसरा आवाज शालूबाईंचा होता.

आजारपणातला नव्हता. त्याआधीचा, भरल्या अंगाचा, जरा घोगरा. ती कसल्यातरी लाटेबद्दल बोलत होती आणि हसत होती. किसनरावांनी कडीला हात घातला.

आत शिवकन्या म्हणाली, "ताई, तेवढं त्यांना सांगून टाका. लई तळमळून राहिले."

मग शालूबाईंनी विचारलं, "कुणाला?"

किसनरावांनी कडीवरचा हात काढून घेतला. हळद वर-खाली करायची होती, ती केली. नंतर शेतात गेले.

दार रोज दुपारी लागतं. ते त्यांनी अजून वाजवलेलं नाही.