चौथ्या दिवसाची पिशवी

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या मोठ्या मावशीच्या बाबतीत घडलेली. पटली नाही तर सोडून द्या, पण चेष्टा करू नका. आमच्या घरात अजूनही यावर कोणी मोठ्याने बोलत नाही.

मावशी प्रयोगशाळेत हजारो वर्षं जुनी खापरं तपासते. खापराचा कागदासारखा पातळ काप काढायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा, माती कुठली ते शोधायचं. थोडं दळून यंत्रात घालायचं, म्हणजे त्यात काय काय मुरलंय ते कळतं.

खापरं पाठवायची तिची धाकटी बहीण. ती दूरच्या घनदाट पावसाळी जंगलात उत्खनन करायची. एखादं खापर फार आवडलं, की पिशवीवर लिहायची, "ताई, हे आधी बघ."

एके दिवशी धाकटी मावशी नदीकडे गेली ती परत आलीच नाही.

तीन दिवस शोधलं. नदी दुथडी भरलेली. तिसऱ्या दिवशी कॅम्पप्रमुखांचा फोन आला. "आणखी माणसं धोक्यात घालू का? तुम्ही सांगाल तसं करतो."

मावशी म्हणाली, "थांबवा."

त्यानंतर अकरा महिने ती कामावर गेली, घरी आली. एवढंच.

मग जंगलातली शेवटची पेटी आली. मंगळवार होता. दुपारचे तीन. बाहेर लख्ख ऊन.

मावशी एकटीच यादी तपासत होती. इतक्यात शेजारच्या धुण्याच्या खोलीतून आवाज आला...

खस्... खस्... खस्...

ओल्या खापरावर ब्रश घासल्यासारखा.

"आज लवकर आलात?" तिने विचारलं. तिला वाटलं, मदतनीस बाई आल्या.

आवाज थांबला.

ती आत गेली. कोणी नव्हतं. बेसिन कोरडं ठणठणीत.

परत आली, तर पेटीत सगळ्यात वर एक पिशवी...

यादीत छप्पन्न पिशव्या होत्या. ही सत्तावन्नावी.

त्यावर धाकटीचं अक्षर. "ताई, हे आधी बघ."

खाली तारीख. ती हरवल्यानंतरची... चौथ्या दिवसाची.

मावशी ओरडली नाही. तिने हातमोजे चढवले आणि कामाला लागली. "मला दुसरं काय येतं गं?" असं मला नंतर म्हणाली.

बाकी सगळ्या खापरांना जंगलातली लाल, लोखंडाने भरलेली माती चिकटलेली. याची माती काळी. तिच्यात वाळूचे गुळगुळीत कण आणि अभ्रकाची चमक. फॉस्फरस तर इतका, की तिने यंत्र तीनदा लावलं. जुन्या वस्तीच्या राखेने तो वाढतो.

काही कुजलं असेल, तरीही वाढतो.

धाकटीने पूर्वी तिथल्या बारा जागांची माती नमुना म्हणून पाठवली होती. मावशीने एकेक ताडून पाहिली. नवव्या जागेची तंतोतंत जुळली. नदीचं वळण, उंच दरडीच्या पायथ्याशी.

तिने कॅम्पप्रमुखांना फोन लावला. "तिथे खणा."

"मॅडम, त्या बाजूला आम्ही हाका मारत फिरलो होतो."

"खणा म्हणते ना."

दरड कोसळलेली होती. ढिगाऱ्याखाली धाकटी मावशी सापडली.

तिला आणायला मावशी स्वतः गेली. कॅम्पच्या स्वयंपाक्याला तिने पिशवीचं विचारलं.

"पेटी मी पाचव्या दिवशी बांधली. तोवर छपराखाली उघडीच होती," तो म्हणाला. "बाकीचे चौथ्या दिवशी सकाळीच निघून गेले होते. मी एकटाच. कोणी आलेलं पाहिलं नाही."

मग मान खाली घालून पुटपुटला, "पण दुपारी माझा डोळा लागायचा, बाई."

दरड नक्की कधी कोसळली, कोणालाच माहीत नाही. मावशीने डॉक्टरांनाही विचारलं, "पहिल्याच दिवशी गेली का ती?"

"इतक्या महिन्यांनी नाही सांगता येत," ते म्हणाले.

परवा मी मावशीकडे राहायला गेले होते. कपडे घड्या करता करता ती मध्येच थांबली.

"ते भूतच असेल ना गं?"

"असेल, मावशी."

"असू दे. भूतच असू दे..."

माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला. भूत नसेल, तर चौथ्या दिवशी धाकटी मावशी जिवंत होती, चालत कॅम्पवर आली होती.

आणि तिला शोधणारं तिथे कोणीच उरलं नव्हतं.