ड्रायव्हरच्या खाटेखालची बाटली

खरं बोलणारा माणूस म्हणून मला घरात कोणी ओळखत नाही. ते जाऊ द्या. ही गोष्ट माझी नाहीच. माझ्या पुतणीची आहे, ठमीची. आणि ठमीला थाप मारता येत नाही. लहानपणी अंघोळ न करता नुसतं 'केली' म्हणाली, तरी तिचे कान लालभडक व्हायचे. हे सगळं तिने मला सांगितलं, तेव्हा मी तिच्या कानांकडेच बघत होतो.

पांढरेफटक होते.

रात्र नव्हती बरं का. भर दुपार. जेवणं उरकलेली, भेटायला येणारी माणसं अजून फाटकाबाहेर, अशी वेळ. पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड. ठमी तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती.

खिडकीजवळच्या खाटेवर एक ट्रक ड्रायव्हर होता. स्टिअरिंग छातीवर आदळून बरगड्या मोडलेल्या, फुप्फुसाला भोक. त्या भोकातून हवा छातीच्या पोकळीत साठली आणि फुप्फुस चेपलं. अशा वेळी बरगड्यांच्या मधून एक नळी आत घालतात. तिचं दुसरं टोक खाटेखालच्या काचेच्या बाटलीत, पाण्याखाली बुडवलेलं. आतली हवा बुडबुडे होऊन बाहेर पडते, बाहेरची मात्र आत शिरत नाही. आणि पेशंट श्वास घेईल तसं नळीतलं पाणी वर-खाली होत राहतं.

वॉर्डच्या सिस्टरांना मुली पाठीमागे 'करवत' म्हणत. करवतीने ठमीकडून दोन गोष्टी इतक्या घोकून घेतल्या होत्या, की ती झोपेतही बरळायची. बाटली पेशंटच्या छातीच्या वर उचलायची नाही, नाहीतर घाण पाणी उलटं छातीत जातं. आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नळीला क्लॅम्प, म्हणजे दाबून बंद करायचा चिमटा, लावायचा नाही. हवेची वाट बंद झाली तर ती आत साठत जाते, आधी फुप्फुस चेपते, मग काळजाला बाजूला ढकलते. माणूस डोळ्यांदेखत जातो.

त्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी ड्रायव्हरची नळी काढली. टाका घातला, पट्टी केली. एक्स-रे उत्तम. संध्याकाळी जावई न्यायला येणार होता. गडी नुसता उधाणला होता. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला त्याने आपल्या अपघाताची गोष्ट ऐकवायला घेतली. ठमी दिसल्यावर म्हणाला, "डॉक्टरीणबाई, आमची बायको काय म्हणते ऐका. म्हणते, जन्मात पहिल्यांदा तुमच्याजवळ बाटली बघून मला बरं वाटलं."

ठमी हसली. बाटली उचलायला वाकली…

आणि थबकली.

पाणी हलत होतं.

वर… खाली… वर… खाली…

तिला वाटलं, आपलाच पाय लागला असेल. ती थांबली. पाणी थांबलं नाही. नळीचं वरचं टोक खाटेच्या दांडीवरून लोंबकळत होतं. उघडं. कशालाही न जोडलेलं. अशा नळीत पाणी हलायला कारणच नाही, हे शेंबड्या पोरालाही कळेल.

तिने मान वर करून ड्रायव्हरच्या छातीकडे पाहिलं.

छाती वर. पाणी वर.

छाती खाली. पाणी खाली.

तो खोकला… पाण्याने उसळी मारली.

ठमी टेबलाशी गेली. करवत औषधं लावत होत्या. पाणी हलतंय, म्हणून तिने सांगितलं. नळी कुठे आहे, त्यांनी मान वर न करता विचारलं. बाहेर, म्हणाली. मग काय म्हणणं आहे तुझं, त्यांनी विचारलं. काय म्हणणं असणार? करवतींनी सुनावलं, की सांडायची भीती वाटत असेल तर क्लॅम्प लाव आणि धुवायला टाक. वॉर्डभर थेंब नकोत.

क्लॅम्प.

ठमी परत आली. हात नको म्हणत होता. पण नळी कोणाच्याही छातीत नव्हती, आणि सिस्टरांनी सांगितलं होतं. तिने नळी चिमट्यात धरली.

टक.

वर ड्रायव्हर बोलत होता, "…वळण घेतलं न् बघतो तर समोरून…"

पुढे काहीच आलं नाही.

म्हातारा म्हणाला, "समोरून काय?"



ठमी उठून उभी राहिली. ड्रायव्हरचं तोंड उघडं होतं, डोळे वटारलेले. छातीची डावी बाजू धापा टाकत होती. उजवी हलतच नव्हती. मानेच्या शिरा दोरासारख्या फुगलेल्या. ओठ निळे पडायला लागलेले. आणि गळ्याची घाटी… मधोमध नव्हती. डावीकडे सरकलेली होती.

पुस्तकात हे चित्र तिने पाहिलं होतं. ती ओरडली. करवत धावत आल्या, ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना बोलवायला एकीला पिटाळलं. ड्रायव्हरने ठमीचं मनगट धरलं. पकड ढिली पडत चालली होती.

ठमीची नजर खाटेखाली गेली. नळीतलं पाणी मेल्यासारखं थांबलं होतं.

"सिस्टर, मी क्लॅम्प काढते."

"अगं, ती नळी कशालाही जोडलेली नाहीये."

"हो. पण मी काढते."

तिने गुडघे टेकले आणि चिमटा सोडला.

भड… भड… भडभडभड…

बाटलीत बुडबुड्यांचा नुसता लोंढा. बाटलीत मावेल त्याच्या कितीतरी पट हवा कुठून तरी येत होती. आणि वर खाटेवर, पाण्यात बुडता बुडता डोकं वर काढावं, तसा ड्रायव्हरने श्वास घेतला.

डॉक्टर आले तोवर तो पाणी मागत होता. डॉक्टरांनी छाती तपासली, दोन्हीकडे हवा छान जात होती. पुन्हा एक्स-रे काढला. स्वच्छ. घरी जायच्या विचाराने घाबरला असेल, म्हणाले. आणखी एक दिवस ठेवून घेतला.

सगळे गेल्यावर करवत खाली वाकल्या. ड्रायव्हरकडे बघत बघत त्यांनी नळी दोन बोटांत दाबली. जरा वेळच…

ड्रायव्हरचा हात आपोआप छातीवर गेला.

त्यांनी बोटं झटकन काढली. बाटलीवर चादर टाकली. मग खालच्या आवाजात ठमीला म्हणाल्या, "घेऊन जा. उभीच ने. आणि छातीच्या वर उचलू नकोस."

"कोणाच्या छातीच्या, सिस्टर?"

"मला विचारू नकोस."

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर घरी गेला. पुन्हा कधी भेटला नाही. बाटली मात्र ठमीच्या हॉस्टेलच्या खाटेखाली गेली, तिथून नोकरीच्या खोलीवर, तिथून सासरी. नवऱ्याला काय सांगितलं, तिचं तिलाच ठाऊक. पाणी आटलं की नळीचं टोक बुडेल इतकं भरायची. जोरजोरात हलायला लागलं की म्हणायची, आज चढावर चाक बदलतोय वाटतं. संथ झालं की म्हणायची, झोपला.

मागच्या वर्षी एका दुपारी ते थांबलं.

ठमी दिवसभर बाटलीशेजारी जमिनीवर बसून होती. नळी चोळली, पीळ पडलाय का पाहिला. पडला नव्हता. गेला बिचारा, म्हणून रडली. पण बाटली धुवायला तिचं मन काही होईना.

मध्यंतरी मी तिच्याकडे चार दिवस राहून आलो. त्याच खोलीत दुपारची झोप काढायचो. छान थंडगार खोली आहे. खाटेखाली बाटली होती, पण मी तिला हात लावला नाही. निदान जागेपणी तरी नाही.

घरी परतल्यावर ठमीचा फोन आला.

"काका, पाणी परत हलायला लागलंय."

कधीपासून, विचारलं. तू गेलास त्या दिवसापासून, म्हणाली.

मी नाक दाबून श्वास धरला. बघू तरी, म्हटलं.

पलीकडे खाट करकरली…

मग हळूच म्हणाली, "थांबलं."

आता मी तिला रोज फोन करतो. बाटली जमिनीवरच आहे ना, एवढंच विचारतो. तिच्याकडे रंगकाम काढलंय. परकी माणसं घरात, सामान इकडचं तिकडे होणार. समजावून सांगितलंय म्हणे सगळ्यांना. काय समजावलं असेल, देव जाणे.

आज दुपारपासून ती फोन उचलत नाहीये.