शेवटचा पत्रा

काल निमूटपणे वाकणारा तांब्याचा पत्रा आज तडकला तरी कसा? सावनी हतबल होऊन घणूकडे बघत राहिली. घणू म्हणजे ठोकाठोक करणारा यंत्रमानव. त्याने फोडलेला हा दुसरा पत्रा.

चंद्रावरच्या वस्तीत पाण्याच्या टाकीचं खोलगट झाकण फुटलं होतं. वाफ निसटत होती, पाणी आटत होतं. नवं झाकण झालं नाही, तर सगळ्यांना वस्ती सोडावी लागणार होती. सावनीचा जन्म इथलाच. दुसरं घर तिला माहीतच नव्हतं. आणि आता एकच पत्रा उरला होता.

“आणखी जोरात ठोकतो. मी थकत नाही,” घणू म्हणाला.

“गप रे! तुझ्या न थकण्यानेच घात केलाय!” सावनी रडवेली झाली.

धातुशास्त्रज्ञ (धातूंचा अभ्यास करणारे) नानाआजोबा डोकं धरून बसले होते. त्यांनी तिला तांब्याची तार दिली. “वाकव, सरळ कर, पुन्हा वाकव.”

तार आधी सहज वाकली, मग हट्टाला पेटली आणि शेवटी तुटली.

“तांब्यातले अणू थराथरांनी बसलेले असतात,” आजोबा म्हणाले. “ठोकलं की थर सरकतात, म्हणून पत्र्याला आकार येतो. पण सरकताना गुंते पडतात. गुंते वाढले की थरांना हलायला वाट उरत नाही. पत्रा ताठरतो, तडकतो. मधेमधे तापवलं, तर अणू पुन्हा नीट बसतात. हे अनुशीतन (तापवून धातू नरम करणं). वीज वाचवायला आपण तेच वगळलं.”

“मग लावा ना भट्टी!”

“वीज कुठून आणू, बाळा? आता फक्त रोपघराला ऊब चालू आहे.”

रोपघरात सावनीची मेथी होती, तिने हाताने लावलेली. ती उठून रोपघरापाशी गेली. मग तिनेच तिथल्या उबेचा खटका बंद केला.

त्या विजेवर भट्टीत पत्रा मंद लाल झाला, निवला. घणू बेताने ठोकू लागला. पत्रा ताठरून आवाज खणखणीत झाला की आजोबा त्याला थांबवत आणि पत्रा पुन्हा भट्टीत जाई. अखेर झाकण बसलं. वाफ थांबली, पण सावनीला आनंद झाला नाही.

मेथी काळवंडून आडवी झाली होती.

“हिलाही तापवलं तर?” घणूने विचारलं.

“नाही रे,” सावनी हुंदके देत म्हणाली. “जिवंत गोष्टीचं तसं नसतं.”

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले, रोपघराची ऊब पुन्हा चालू केली, बियांची डबी उघडली.

“घणू, टाकीतलं वाटीभर पाणी आण.”